गार्डचा डबा चढेपर्यंत

बडोद्यात चढ नाही. ही तक्रार नाही, सांगून ठेवते एवढंच. शाळेत असताना सायकलच्या पेडलवर उभं राहायची वेळ यायची ती फक्त रेल्वेच्या पुलावर. बाकी सगळं गाव पोळपाटासारखं सपाट. त्यामुळे डोंगरातल्या पन्नास किलोमीटरच्या शर्यतीत मी नाव दिलं तेव्हा नवऱ्यानं विचारलं, "डोंगर कुठून आणणार?" मी म्हटलं, "जांबुघोड्यात आहेत, घरी आणायची गरज नाही," आणि विषय संपवला.

विषय संपवणं मला छान जमतं. जमत नाही ते थांबणं. "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग" ही म्हण आई मुलग्यांसाठी कमी आणि माझ्यासाठीच जास्त वापरायची. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी ताट घेऊन बसलेली असे. आता मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी क्वालिटी बघते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेते. स्वतःच्या चुका शोधायला मात्र मला एकाहत्तर वर्षांचा माणूस लागला.

पहिल्या वर्षी काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण लांबवण्यासारखं त्यात काही नाही. जानेवारीतली थंड सकाळ, सागाच्या रानातली पायवाट, आणि सुरुवातीलाच एक चढ. त्या चढावर मी निदान चाळीस जणांना मागे टाकलं. काय मस्त वाटत होतं! लोक गुडघ्यांवर हात ठेवून चालत होते आणि मी पळत होते. विसाव्या किलोमीटरला मांड्या भरून आल्या. तिसाव्याला पोटात काही ठरेना. अडतिसाव्या किलोमीटरला एक चौकी होती. ठरलेल्या वेळेनंतर तिथे पोचणाऱ्याला पुढे सोडत नाहीत. मी आठ मिनिटं उशिरा पोचले. सकाळी ज्यांना मागे टाकलं होतं ते सगळे केव्हाच पुढे निघून गेले होते. मी केळ्यांच्या रिकाम्या खोक्यांबरोबर जीपमध्ये बसून परत आले.

दुसऱ्या दिवशी बाबांकडे गेले. बाबा छाणीला राहतात, एकटे. रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर होते. बडोद्याहून गोध्रा, दाहोद, रतलाम, अशी छत्तीस वर्षं त्यांनी गाडी ओढली. आई गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती आणि त्या दोन वर्षांत बाबा फार थोडं बोलले होते. टीव्ही लावायचे तोही आवाज बंद करून. मी गोत्रीच्या माझ्या घरून दर रविवारी जायची, भाजी ठेवायची, "औषध घेतलंत?" विचारायची, ते मान हलवायचे, मी परत यायची. त्या दिवशी मी नुसतीच रागाने बोलत होते. चौकीवरच्या मुलीला काही समजत नाही, आठ मिनिटांनी काय आभाळ कोसळणार होतं, वगैरे.

बाबांनी टीव्ही बंद केला.

"पहिल्या चढावर कितव्या नॉचवर होतीस?"

हे मला समजत होतं, कारण मी ड्रायव्हरची मुलगी. बाबा डिझेल इंजिनावर शिकले. त्यात जोर वाढवायचा एक दांडा असतो, त्याचे आठ टप्पे. टप्प्याला नॉच म्हणायचं.

"आठव्या," मी म्हटलं.

"पहिल्याच चढाला आठवा? मग दाहोदच्या चढाला काय लावणार होतीस?"

ते पुढे म्हणाले, "आणि रोड लर्निंग?"

"ते काय असतं?"

बाबांचा चेहरा असा झाला की जणू मी चपला घालून देवघरात गेले. रेल्वेत कुठल्याही नव्या मार्गावर ड्रायव्हरला एकदम गाडी देत नाहीत. आधी त्यानं दुसऱ्याच्या इंजिनात उभं राहून तो मार्ग बघायचा, फेऱ्या करायच्या. चढ कुठे, वळण कुठे, सिग्नल कुठे दिसतो आणि कुठे झाडाआड जातो, हे सगळं डोक्यात बसलं की मग रजिस्टरमध्ये सही करायची, की हा रस्ता मला माहीत आहे. सही नाही तर गाडी नाही.

"म्हणजे तू सही न करता गाडी नेलीस," बाबा म्हणाले. "मग फेल होणारच ने! तीन फेऱ्या करायच्या. मी येतो बरोबर."

आई गेल्यानंतर बाबांनी लागोपाठ दोन प्रश्न विचारले नव्हते, आणि "मी येतो" तर नव्हतंच. मला त्या क्षणी शर्यतीचं काही पडलं नव्हतं. त्यांनी रतलामपर्यंत रुळावरून पळ म्हटलं असतं तरी मी पळाले असते.

पहिली फेरी फेब्रुवारीत झाली. बाबा गाडीत पुढच्या सीटवर, मांडीवर शंभर पानी वही, कानामागे पेन्सिल. रस्ता जिथवर जाई तिथवर गाडीनं, पुढे मी पायी जाऊन यायची आणि बघितलेलं त्यांना सांगायची. ते मोहाच्या झाडाखाली चादर टाकून बसत आणि वहीत काढत. रुळांशेजारी दोन हातांची छोटी पाटी असते. पुढे चढ असेल तर हात वर, उतार असेल तर खाली. तशाच पाट्या त्यांनी माझ्या डोंगरांसाठी काढल्या. प्रत्येक पाटीखाली आकडा, कुठल्या नॉचवर जायचं त्याचा. मोठ्या चढाला तीन, सपाटीला पाच, उताराला चार.

"उताराला सपाटीपेक्षा कमी?" मी विचारलं.

"उतारावर गाडी पळत नाही, बाई. सुटते."

मग सुरू झाला सराव. डोंगर नसल्यामुळे बडोद्यातले आमच्यासारखे लोक पुलांवर चढउतार करतात. पहाटे पुलावर दहा-दहा फेऱ्या. बाबांचा हुकूम असा की चढताना पळायचं नाहीच. बोलता येईल इतक्याच जोरानं चालायचं. तोवर माझा इतका अपमान कधी झाला नव्हता. साडीवर बूट घातलेल्या एक बाई मला ओलांडून गेल्या आणि वळून म्हणाल्या, "बेन, तबियत सारी नथी के शुं?" बरं नाही का, म्हणे! मी दात दाखवून हसले आणि मनात त्यांना आठव्या नॉचवर शिव्या दिल्या. रविवारी बाबांना सांगितलं तर ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. ठसका जरा जास्तच वेळ चालला. मी पाणी दिलं आणि पुन्हा पुलाच्या गप्पा सुरू केल्या. आता आठवतं ते.

दुसरी फेरी दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. रान अजून हिरवं होतं, गवत कमरेएवढं. शेवटच्या मोठ्या चढाच्या पायथ्याशी आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो आणि तिथे बाबांनी मला त्यांच्या गाडीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत त्यांनी ती घरी कधी सांगितली नव्हती. आईला माहीत होती की नाही, तेही मला माहीत नाही.

नवे होते ते. कोळशाची गाडी, अठ्ठावन्न वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, सर्वांत मागे गार्डचा डबा. दाहोदच्या पुढचा चढ. चढ चांगला काढला. इंजिन माथ्यावर आलं, पुढे उतार दिसला, गाडीला उशीर झालेला होता, आणि बाबांनी जोर दिला. इंजिनाला वाटलं चढ संपला. पण मागे चाळीस-पन्नास वाघिणी अजून चढावरच होत्या. पुढची गाडी खाली खेचते, मागची मागे ओढते. मधे कुठेतरी जोडणीचा लोखंडी हूक तुटला. गाडीचे दोन तुकडे. ब्रेक आपोआप लागले म्हणून निभावलं.

"मी उतरून मागे चालत गेलो," बाबा म्हणाले. "अर्धा किलोमीटर. शेवटी गार्ड उभा, म्हातारा माणूस, कंदील खाली ठेवलेला. मला वाटलं शिव्या देईल. त्यानं सुराहीतलं पाणी दिलं. म्हणाला, 'भैया, तुम चढ गये थे. मैं नहीं चढा था.'"

बाबांनी उरलेला चहा संपवला. "त्याच्यानंतर मी कधी इंजिन चढलं म्हणून जोर दिला नाही. मागे बघायचो. गार्डचा डबा माथ्यावर आला की मगच."

मी म्हटलं, "माझ्यामागे कुठे वाघिणी आहेत?"

"श्वास आहे, पाय आहेत. तू वर पोचतेस, ते मागून येतात. माथ्यावर आलीस की अठ्ठावन्न पावलं मोजायची. मग पळ."

मला ते पटलं. अगदी डोळ्यांत पाणी येईल इतकं पटलं. आणि त्यानंतर पंधराव्या मिनिटाला मी काय केलं ते ऐका.

बाबा म्हणाले, आज मीही येतो या चढावर, थोडासाच. बघू दे मला पाटी बरोबर काढली का. आम्ही निघालो. ते दहा पावलं टाकत आणि उभे राहत. दहा पावलं, आणि उभे. मी त्यांच्याबरोबर थांबत होते, पण माझे पाय थांबत नव्हते, जागच्या जागी हलत होते. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "बाबा, तुम्ही या हळूहळू, मी माथा बघून येते." ते म्हणाले, "जा ने." मी गेले. माथ्यावर पोचले, पलीकडे लांबलचक उतार दिसला, मऊ मातीचा, सागाच्या पानांनी भरलेला. मी अठ्ठावन्न पावलं मोजली. अगदी शिस्तीत मोजली, हे मुद्दाम सांगते. आणि मग पळत सुटले. खाली ओढ्यापर्यंत गेले, तिथून पुढच्या टेकाडावर गेले, तिथल्यासाठी वहीत पाटीचे हात वर काढायचे का खाली ते बघितलं.

परत यायला पाऊण तास लागला. बाबा माथ्याच्या अलीकडे एका दगडावर बसले होते. वही मांडीवर, पेन्सिल खाली पडलेली. नोव्हेंबरातल्या त्या गारव्यात सदरा भिजून पाठीला चिकटलेला. चेहऱ्याचा रंग गेलेला.

"सिग्नल मिळाला नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय."

"केव्हापासून?"

"नवरात्रापासून. अधूनमधून."

मला आधी भीती वाटायला हवी होती. मला राग आला. नवरात्रापासून! दर रविवारी मी "औषध घेतलंत?" विचारत होते आणि हे मान हलवत होते! मी त्यांच्यावर ओरडले, त्या दगडाशेजारी उभी राहून, आणि ओरडता ओरडताच रडायला लागले. खालच्या वस्तीतल्या दोन भावांनी त्यांना खाटेवर घालून गाडीपर्यंत आणलं. हलोलला दाखवलं, तिथून बडोद्याला. झटका आलेला नव्हता, पण हृदयाच्या तीन नळ्या जवळजवळ बंद होत्या. बायपास करावी लागणार होती.

आणि बाबा संमतीच्या कागदावर सही करेनात.

नर्सनं समजावलं, मी समजावलं, नवऱ्यानं समजावलं. बाबांचं एकच. "ह्या रस्त्याचं माझं रोड लर्निंग झालेलं नाही. सही कशी करू?" नर्सला वाटलं म्हाताऱ्याला भ्रम झाला. मला मात्र कळत होतं की हा माणूस घाबरला आहे आणि घाबरलोय हे म्हणायला त्याच्याजवळ हेच शब्द आहेत. शेवटी डॉक्टर स्वतः आले, पलंगावर बसले आणि त्याच कागदाच्या पाठीवर त्यांनी हृदय काढलं. "काका, मेन लाइन बंद छे. एटले आपणे बाजुमांथी लूप लाइन नाखवानी. गाडी त्यांथी जशे."

मुख्य रूळ बंद, म्हणून बाजूनं दुसरा घालायचा, गाडी तिथून जाणार. बाबांनी चित्र हातात घेतलं. "तुम्ही किती वेळा गेलात ह्या लाइनवर?" त्यांनी गुजरातीत विचारलं.

"रोज जाऊं छुं, काका."

"मग ठीक. तुम्ही रोज जाता तर तुमच्या मागे मी येतो." आणि त्यांनी सही केली. सहीखाली वेळ घातली, मिनिटासकट, ड्यूटीवर घालायचे तशी.

ऑपरेशन चांगलं झालं. खरा चढ त्यानंतर लागला.

मी छाणीला राहायला गेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज चालायचं, दर दिवशी थोडं जास्त. नाही चाललात तर ताकद जाईल, छातीत कफ धरेल, आणि इतकं करून सगळं पाण्यात. बाबा पलंगापासून दारापुढच्या ओट्यापर्यंत पंधरा पावलं चालत आणि खुर्चीत बसत. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरत. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं खेळणं असतं, त्यातला एक चेंडू कसाबसा वर जाई आणि ते तोंडातून नळी काढत. आठवडा गेला, दोन गेले, पाच गेले. ओट्याच्या पायरीखाली त्यांनी पाऊल टाकलं नाही. टीव्ही पुन्हा लागला, पुन्हा बिनआवाजाचा.

मी काय नाही केलं! लाडीगोडी केली, धाक दाखवला, "नातवंडांच्या लग्नाला कसे याल," असलं आईच्या तोंडी शोभणारं बोलून पाहिलं. हात धरून पुढे ओढलं. एकदा चिडून म्हटलं, "मी तुम्हाला डोंगरात टाकून गेले त्याचा सूड काढताय का माझ्यावर?"

"नाही गं," बाबा म्हणाले. "भीती वाटते." त्यांनी ते इतकं साधेपणानं म्हटलं की मी खालीच बसले. "घाटात गाडी अडली तर मागून दुसरं इंजिन लावतात, ढकलायला. माझी अडली अर्ध्या वाटेत, तर मागे कोण आहे?"

मी आहे की, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण त्या डोंगरात ते अडले तेव्हा मी पुढे होते, मागे नव्हते. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

जानेवारी आला. मी शर्यतीला जाणार नव्हते. बाबांनीच वही काढायला लावली. "तिसरी फेरी राहिली," ते म्हणाले. "नियमात बसत नाही. पण रस्ता तुला कळलाय. कर सही." मी पेन्सिलनं वहीच्या शेवटच्या पानावर सही केली. त्यांनी पाट्यांची पानं फाडून प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली.

या वेळी पहिल्या चढावर सगळ्यांनी मला मागे टाकलं. मी तिसऱ्या नॉचवर, गुडघ्यांवर हात, श्वास इतका शांत की बोलता आलं असतं. बोलायला शेजारी कोणी उरलं नव्हतं. जीव तळमळत होता, खोटं कशाला सांगू! प्रत्येक माथ्यावर समोर उतार दिसायचा आणि मी चालत अठ्ठावन्न मोजायची. पस्तीस-चाळीसाव्या पावलाच्या सुमारास खरंच काहीतरी मागून येऊन पोचायचं. धडधड खाली बसायची, मांड्या सैल व्हायच्या. पंचवीस किलोमीटरनंतर लोक दिसायला लागले. कोणी झाडाला टेकलेले, कोणी ओढ्यात पाय सोडून बसलेले. सकाळी मला ओलांडून गेलेलेच. मी त्यांना ओलांडलं तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मला माझी जीप आठवत होती. अडतिसाव्या किलोमीटरच्या चौकीवर मी पोचले तेव्हा ती बंद व्हायला सव्वीस मिनिटं बाकी होती. मीठ लावलेले उकडलेले बटाटे खाल्ले आणि निघाले.

मग तो चढ आला. शेवटचा मोठा. आणि माथ्याच्या अलीकडे तो दगड.

बसायचं नाही हे ठरलेलं होतं, कारण बसलेला माणूस उठत नाही. पण मी थांबले. दगडाला हात टेकून वर बघितलं. नोव्हेंबरात मी माथ्यावर उभी राहून पलीकडचा उतार बघितला होता. दगडापाशी उभं राहून कधी बघितलं नव्हतं. तिथून उतार दिसतच नाही. माथ्यापलीकडचं काहीच दिसत नाही. जाणाऱ्याची पाठ दिसते, आणि मग तीही दिसेनाशी होते. पाऊण तास बाबा ते बघत बसले होते. मी अठ्ठावन्न पावलं मोजली होती ती माझ्या पायांसाठी, माझ्या श्वासासाठी. मागे कोण आहे हे मात्र मी बघितलंच नव्हतं. मी तिथे मोठ्यानं रडले. ओलांडून जाणाऱ्या एका मुलीला वाटलं पायात गोळा आला, तिनं मला मिठाची गोळी दिली. मी खाल्ली.

शर्यत मी वेळेत पुरी केली. नऊ मिनिटं राखून.

संध्याकाळी छाणीला पोचले तेव्हा बाबा खुर्चीत होते. "तुटली का कुठे?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हाश."

मी त्यांच्या पायांशी बसले, म्हणजे पडलेच, कारण मांड्या वाकत नव्हत्या. म्हटलं, "बाबा, मी त्या दगडापाशी थांबले होते. तिथून काय दिसतं ते बघितलं. मला माफ करा." ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. मला कित्येक वर्षांत असं कोणी धरलेलं नव्हतं, आणि मीही कोणाला धरू दिलं नव्हतं. मग मी म्हटलं, "उद्यापासून मी तुम्हाला पुढून ओढणार नाही. तुम्ही पुढे. मी दहा पावलं मागे. अडलात तर मी मागे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्याच्या पायरीवर उभे राहिले. बराच वेळ. मी त्यांच्यामागे दारात, भिंतीला धरून, कारण मला ती एक पायरीही पन्नास किलोमीटरइतकी वाटत होती. त्यांनी मागे न बघता विचारलं, "आहेस?" मी म्हटलं, "आहे." आणि ते उतरले. फाटकापर्यंत गेले नि परत आले. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. दर दहा-वीस पावलांनी तोच प्रश्न, तेच उत्तर. शेजारच्या काकी विचारायच्या, असं कसं चालता तुम्ही बापलेक, मागेपुढे, भांडलात का?

पाच आठवड्यांनी आम्ही पुलावर गेलो. छाणीचा रेल्वेचा पूल, लहानपणी जिथे मी पेडलवर उभी राहायची तोच. बाबा कठड्याला हात लावून चढत होते, मी दहा पावलं मागे. माझं घड्याळ मी घरी ठेवून आले होते. ते थांबत तेव्हा मी थांबत होते, आणि माझे पाय जागच्या जागी हलत नव्हते. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच. खालून तेवढ्यात एखादी मालगाडी गेली असती तर लिहायला बरं झालं असतं, पण नाही गेली. रूळ रिकामे होते.

बाबा माथ्यावर पोचले. पुढे उतार, पलीकडे रस्ता, चहाची टपरी. ते ऑपरेशननंतर इतकं चालले नव्हते. मला ओरडावंसं वाटलं, टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण ते तिथेच उभे राहिले. मला वाटलं दम लागला. मी खालूनच विचारलं, "काय होतंय, बाबा? बसता का?"

"काही नाही होत," ते म्हणाले. पाठ माझ्याकडे, हात कठड्यावर. "तू चढलीस का?"

मी उरलेली दहा पावलं चालले. सावकाश. त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले.

"चढले," मी म्हटलं.

मग त्यांनी उतारावर पाऊल टाकलं.